शिक्षा संपली, आता मुलांना शिकवू द्यायचं का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातून या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत: खेळाडू म्हणून नाव मिळवलेला माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडला आणि पुढे प्रशिक्षक झाला, किंवा प्रशिक्षक असताना सापडला, तर आपण त्याच्याकडे कसं पाहायचं? म्हणून हे प्रश्न एकापाठोपाठ एक घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. तो सांगतो, अमेरिकेतल्या चॉन्सी बिलप्स नावाच्या प्रशिक्षकाने सामने विकले म्हणून त्याला अटक झाली. हे खरं आहे का? (एक पालक, अंबरनाथ पूर्व)

उत्तर : अटक झाली हे खरं. सामने विकल्याचा आरोप मात्र त्यांच्यावर ठेवलेला नाही. एकाच दिवशी दोन वेगळी प्रकरणं जाहीर झाल्याने हा घोळ बऱ्याच जणांच्या मनात झाला आहे.

बिलप्स मूळचे डेन्व्हरचे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९९७ च्या निवडप्रक्रियेत बोस्टन सेल्टिक्सने त्यांना तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. सुरुवातीची काही वर्षं या संघातून त्या संघात जाण्यात गेली. डेट्रॉइट पिस्टन्समध्ये ते स्थिरावले आणि २००४ मध्ये कोबी ब्रायंट आणि शकील ओनील यांच्या लॉस एंजेलिस लेकर्सला ४-१ असं हरवून पिस्टन्स विजेते झाले. त्या अंतिम मालिकेतले सर्वोत्तम खेळाडू बिलप्स होते. १७ हंगाम खेळून ते थांबले. २०२१ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२४ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं.

२३ ऑक्टोबर २०२५ ला, हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, एफबीआयने त्यांना अटक केली. आरोप पत्त्यांच्या डावातल्या फसवणुकीचा आहे. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार पिसण्याची यंत्रं आतून बदललेली होती. पत्त्यांवरच्या खुणा खास लेन्स आणि चष्म्यांतून वाचल्या जात आणि पालथे पत्ते दिसावेत म्हणून क्ष-किरणांचं टेबलही वापरलं गेलं. श्रीमंत माणसांना डावात ओढण्यासाठी नामवंत खेळाडूंना टेबलावर बसवायचं, अशी ही योजना होती आणि तिच्यामागे न्यूयॉर्कच्या माफिया टोळ्या होत्या, असं आरोपपत्र सांगतं. बुडालेल्यांचं नुकसान ७० लाख डॉलरच्या वर असल्याचा यंत्रणेचा दावा आहे. बिलप्स यांच्यावर फसवणुकीच्या आणि काळा पैसा पांढरा करण्याच्या कटात सामील असल्याचा आरोप ठेवण्यात आला. एनबीएने त्यांना लगेच रजेवर पाठवलं आणि संघाची सूत्रं टियागो स्प्लिटर यांच्याकडे गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात बिलप्स यांनी आरोप नाकारले.

त्याच दिवशी मायामी हीटचा टेरी रोझिअर आणि इतर काही जणांनाही अटक झाली. त्यांच्यावरचा आरोप संघाची आतली माहिती सट्टेबाजांना पुरवल्याचा, म्हणजे खेळाशी थेट जोडलेला होता. तुमच्या मुलाने ऐकलेली ‘सामने विकल्याची’ गोष्ट बहुधा या दुसऱ्या प्रकरणातून आली असावी. आरोप सिद्ध झालेले नसताना दोन प्रकरणं एकमेकांत मिसळणं एखाद्या माणसावर अन्याय करणारं ठरतं. मुलाला हा फरक जरूर समजावून सांगा.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रात असं काही घडलंय का? खेळाडू, मग पोलीस आणि कोर्ट, मग प्रशिक्षक? (एक वाचक, बदलापूर पश्चिम)

उत्तर : घडलं आहे. बास्केटबॉलमध्ये नाही, क्रिकेटमध्ये. आणि तुम्ही बदलापूरला राहता म्हणून ते तुमच्या अगदी दारात आहे, कारण मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत येते. पाठीवर किटबॅग घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईच्या मैदानांवर जाणारी तुमच्याकडची मुलं याच संघटनेच्या निवड चाचण्या देतात.

अंकित चव्हाण हा मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईने ४० व्यांदा रणजी करंडक जिंकला त्या २०१२-१३ च्या हंगामात त्याने पंजाबविरुद्ध एका डावात ९ बळी घेतले होते. आयपीएलमध्ये तो राजस्थान रॉयल्सकडून खेळायचा. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या मुलाला जे हवं असतं, त्यातलं बरंच काही त्याच्या हाताशी आलं होतं.

१५ मे २०१३ ला वानखेडेवर रॉयल्सचा सामना मुंबई इंडियन्सशी झाला. त्यानंतर काही तासांतच दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने रॉयल्सच्या चव्हाण, श्रीशांत आणि अजित चंडिला या तिघांना अटक केली. चव्हाणवर आरोप असा होता की, एका षटकात आधी ठरलेल्या आकड्याएवढ्या किंवा त्याहून जास्त धावा द्यायच्या आणि त्याबदल्यात ६० लाख रुपये घ्यायचे, असा सौदा त्याने केला होता. तिघांवर मोक्काही लावण्यात आला. टोळ्यांच्या संघटित गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला हा कायदा पुढे दिल्लीतही लागू झाला होता. सट्ट्याच्या या जाळ्यामागे दाऊद इब्राहिम आणि छोटा शकील असल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं.

१३ सप्टेंबर २०१३ ला क्रिकेट नियामक मंडळाने, म्हणजे बीसीसीआयने, श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली. २५ जुलै २०१५ ला दिल्लीच्या पतियाळा हाऊस न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. बंदी मात्र उठली नाही. मंडळाचे लोकपाल, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी २०२१ मध्ये चव्हाणची बंदी सात वर्षांवर आणली. ती सात वर्षं सप्टेंबर २०२० मध्येच भरली होती. अटक झाली तेव्हा चव्हाण २७ वर्षांचा होता, बंदीतून मोकळा झाला तेव्हा पस्तिशीत. फिरकी गोलंदाजाची सगळ्यात चांगली वर्षं याच काळात येतात.

पुढे त्याने मंडळाची प्रशिक्षकांसाठीची पहिल्या पातळीची परीक्षा दिली, आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला १४ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमलं.

प्रश्न : कोर्टाने सोडलं होतं ना? मग मंडळाने बंदी का चालू ठेवली? कोर्टापेक्षा मंडळ मोठं आहे का? (एक वाचक, उल्हासनगर, कॅम्प ३)

उत्तर : मोठं नाही. दोघांची कामं वेगळी आहेत आणि पुरावा तोलायची पद्धतही वेगळी आहे.

फौजदारी न्यायालयात माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. म्हणून तिथे गुन्हा वाजवी संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावा लागतो. २०१५ मध्ये तर खटला त्याच्या अलीकडच्याच टप्प्यावर थांबला. मोक्का लागू होण्यासाठी आरोपीचा संघटित टोळीशी संबंध दाखवणारा सकृतदर्शनी पुरावा लागतो. तसा पुरावा न्यायाधीशांना दिसला नाही, म्हणून आरोप निश्चित होण्याआधीच आरोपींना मुक्त करण्यात आलं. पोलिसांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली.

मंडळासमोरचा प्रश्न वेगळा होता. या खेळाडूने मंडळाची भ्रष्टाचारविरोधी आचारसंहिता मोडली का? इथे तुरुंगवास नाही. नियम मान्य करून खेळायला उतरलेल्या माणसाने ते पाळले की नाही, एवढंच तपासायचं असतं आणि त्यासाठी फौजदारी खटल्याएवढा कडक पुरावा लागत नाही. रवी सवानी यांनी मंडळासाठी केलेल्या चौकशीच्या आधारावर २०१३ चा निर्णय झाला होता.

या दोन्हींचा मेळ सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतच्या प्रकरणात घातला. न्यायमूर्ती अशोक भूषण आणि न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने १५ मार्च २०१९ ला, आचारसंहिता मोडल्याचा मंडळाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण आजन्म बंदी रद्द करून किती शिक्षा द्यायची याचा पुन्हा विचार करायला सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकपालांनी श्रीशांतची बंदी सात वर्षांची केली आणि चव्हाणलाही पुढे तोच न्याय लागू झाला.

म्हणून ‘कोर्टाने सोडलं म्हणजे काहीच नव्हतं’ हे जसं पुरतं खरं नाही, तसंच ‘बंदी घातली म्हणजे गुन्हेगारच’ हेही खरं नाही. अंकित चव्हाण कोणत्याही न्यायालयात दोषी ठरलेला नाही. मंडळाच्या शिस्तभंगाच्या कारवाईत तो दोषी ठरला आणि त्याने ती शिक्षा पूर्ण भोगली. त्याच्याविषयी बोलताना ही दोन्ही वाक्यं एकत्र बोलायला हवीत.

प्रश्न : आयपीएल सुरू झाली की आमच्याकडे सट्टा घेणाऱ्यांवर छापे पडतात, पोरं उचलली जातात. मग सामना विकणाऱ्या खेळाडूला शिक्षा का होत नाही? (एक दुकानदार, उल्हासनगर, कॅम्प ५)

उत्तर : तुमच्या प्रश्नाने आपल्या कायद्यातलं एक मोठं भगदाड दाखवलं आहे.

सट्टा घेणं आणि लावणं यासाठी महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये, टोळीने केलेल्या बेकायदा सट्ट्याला आणि जुगाराला किरकोळ संघटित गुन्ह्यांत धरलं आहे. त्याला एक ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. बुकी आणि त्याच्यासाठी फोन धरून बसलेली पोरं या कायद्यांत सापडतात.

सामना किंवा सामन्यातलं एखादं षटक विकणं हा मात्र आपल्याकडे स्वतंत्र गुन्हाच नाही. म्हणून पोलीस फसवणुकीचं कलम लावतात. कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या निकालनिश्चितीच्या प्रकरणात हे कलमही टिकलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं की, खेळाडूचं वागणं अप्रामाणिक असेल, त्याच्यावर मंडळ कारवाईही करू शकेल, पण त्यातून दंडसंहितेतला फसवणुकीचा गुन्हा घडत नाही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक खेळाडूच्या सांगण्यावरून पैसे देत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

विधि आयोगाने जुलै २०१८ मधल्या आपल्या २७६ व्या अहवालात निकालनिश्चिती आणि खेळातली लबाडी हा वेगळा गुन्हा करून त्याला कडक शिक्षा ठेवावी, अशी शिफारस केली होती. अशा कायद्याची गरज जेवढी प्रेक्षकांना आहे, तेवढीच खेळाडूंनाही आहे. स्वच्छ कायदा असता तर २०१३ मध्ये तीन क्रिकेटपटूंवर संघटित टोळ्यांसाठी बनवलेला मोक्का लावायची वेळ आली नसती. खटला नेमक्या आरोपावर चालला असता आणि दोषी की निर्दोष याचा निकाल पुराव्यावर लागला असता. चव्हाणसारख्या माणसाला आज तो निकाल हातात घेऊन दाखवता येत नाही, आणि त्याच्यावर शंका घेणाऱ्यालाही नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, फिरकी टाकतो. उद्या तो मुंबईच्या संघात निवडला गेला आणि अशी पार्श्वभूमी असलेला प्रशिक्षक मिळाला, तर मी काय करायचं? (एक आई, बदलापूर पूर्व)

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मुलाला खुशाल पाठवा.

त्याची कारणं सांगतो. पहिलं म्हणजे, शिक्षेला शेवट असतो, नाहीतर ती शिक्षा राहत नाही, कायमचं वाळीत टाकणं होतं. मंडळाने चव्हाणसाठी सात वर्षं ठरवली आणि ती भोगून झाली. त्यानंतर परीक्षा देऊन, संघटनेच्या निवडीतून तो माणूस पुढे आला. चोरवाटेने आला नाही. दुसरं म्हणजे, सट्टेबाज तरुण खेळाडूपर्यंत कसा पोहोचतो, आधी भेटवस्तू, मग ओळख, मग एखादी छोटी ‘मदत’ हे कसं घडतं, ते सगळं ज्याच्या आयुष्यावर बेतलं, त्याच्याइतकं परिणामकारकपणे मुलांना दुसरा कोण सांगणार? आयपीएल आणि राज्यांच्या लीगमुळे विशीच्या आतली मुलं आता मोठ्या पैशांच्या जवळ जातात. त्यांना हा धडा लवकर मिळायला हवा.

पण नेमणूक करणाऱ्या संस्थेवर माझी एक अट आहे, आणि ती पालक म्हणून तुम्हीही धरून ठेवा. अशी नेमणूक उघडपणे समजावून सांगितली गेली पाहिजे. कोणत्या निकषांवर घेतलं, सचोटीविषयी कोणती तपासणी केली आणि त्याच्या कामावर कोणाची देखरेख राहणार, हे संस्थेने पालकांना सांगायला हवं. बिलप्स यांच्या बाबतीत २०२१ मध्ये नेमकं हेच झालं नव्हतं. १९९७ मध्ये त्यांच्यावर एका महिलेने अत्याचाराचा आरोप केला होता. फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही आणि दिवाणी दावा तडजोडीने मिटला. त्यांना प्रशिक्षक नेमताना क्लबने आपण स्वतंत्र चौकशी केली असं सांगितलं, पण त्या चौकशीचा तपशील द्यायला नकार दिला. त्यामुळे शंका घेणाऱ्यांचं समाधान झालं नाही आणि बिलप्स यांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हातीही काही लागलं नाही. चौकशी झाकून ठेवली की ज्याची चौकशी झाली त्याचंही नुकसानच होतं.

प्रश्न : आमच्याकडे सोसायटीच्या मैदानात आणि टर्फवर नव्या नव्या अकादम्या निघाल्या आहेत. बास्केटबॉल, फुटबॉल, क्रिकेट, सगळंच. ‘सर’ कोण, कुठले, काही कळत नाही. पालकांनी काय विचारावं? (काही पालक, अंबरनाथ पश्चिम)

उत्तर : आजच्या टपालातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बिलप्स आणि चव्हाण यांच्याविषयी आपल्याला इतकं ठाऊक आहे, कारण ते प्रसिद्ध आहेत. त्यांचं आयुष्य न्यायालयांच्या निकालांत आणि वर्तमानपत्रांत नोंदलेलं आहे. रोज संध्याकाळी दोन तास तुमच्या मुलीला शिकवणाऱ्या माणसाची अशी नोंद कुठेही नसते. खरी जोखीम तिथे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले आणि गाड्या तासन्‌तास बंद राहिल्या. त्या दिवसाचा राग खरा होता. तो राग आता रोजच्या सवयीत उतरायला हवा, आणि ती सवय म्हणजे विचारणं.

कायदा तुमच्या बाजूला आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांतला तिसरा नियम सांगतो की, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करायची आहे. त्यात शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादम्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. कर्मचारी शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, कोणालाही सूट नाही. मुलांच्या सुरक्षिततेविषयी त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण देणंही संस्थेवर बंधनकारक आहे.

म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी चार गोष्टी मागा.

एक, चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावं ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येतात आणि महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून त्यासाठी अर्ज करता येतो. प्रमाणपत्र किती जुनं आहे तेही पाहा. नियमात ‘ठरावीक काळाने’ असं म्हटलं आहे, म्हणजे एकदा काढून फाइलला लावलेला कागद पुरेसा नाही.

दोन, प्रशिक्षकाची पात्रता. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा प्रमाणपत्र, किंवा त्या खेळाच्या संघटनेने दिलेली पातळी. मोठ्या संघातून खेळलेला प्रत्येकजण मुलांना शिकवायला तयार असतोच असं नाही.

तीन, मुलांबरोबर कोण आणि कुठे असतं? बाहेरगावच्या स्पर्धांना मुलींबरोबर महिला व्यवस्थापक जाते का? एकट्या मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षकाच्या गाडीतून नेलं जातं का? सरावाच्या वेळी पालकांना मैदानावर थांबता येतं का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळालं, तर तिथून परत फिरा.

चार, तक्रार कोणाकडे करायची? अकादमीचा मालक आणि प्रशिक्षक हा एकच माणूस असेल, तर तक्रार ऐकणारं दुसरं कोणीतरी असलंच पाहिजे. मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक मैदानावर मुलांना वाचता येतील असे लावलेले असावेत. अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यातला एकही प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नका. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावला जात नाही, कारण तपासणी त्यालाही खोट्या आरोपापासून वाचवते. चव्हाणचा सगळा इतिहास लोकांसमोर आहे, म्हणूनच त्याच्याविषयी विचारपूर्वक ‘हो’ म्हणता येतं. ज्याचा काहीच इतिहास समोर नाही, त्याला मात्र आपण चांगले बूट आणि गळ्यातली शिट्टी पाहून ‘हो’ म्हणतो. हे उलटं झालं पाहिजे. येत्या रविवारी आपल्या अकादमीत चार-पाच पालकांनी मिळून जा आणि पडताळणीचे कागद मागा. एकट्याला टाळता येतं, पाच जणांना टाळणं अवघड जातं.